जुन्या मोटारीचे मूल्य : नांदेड-लातूरच्या बाजाराच्या अनुषंगाने

वस्तूचे मूल्य तिच्या उत्पादनखर्चावरून ठरते की ग्राहकास वाटणाऱ्या उपयोगितेवरून, हा वाद अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. वापरलेल्या मोटारीकडे वळले म्हणजे या वादात एक तिसराच पक्ष उभा राहतो. एकाच कारखान्यातून, एकाच महिन्यात बाहेर पडलेल्या, एकाच रंगाच्या दोन गाड्या पाच वर्षांनंतर नांदेडच्या बाजारात येतात. त्यांच्या घडणीचा खर्च एक, वरवर पाहता त्यांचा उपयोगही एक, आणि तरीही त्यांच्या भावात लाखाचे अंतर पडू शकते. हे अंतर गाडीच्या अवस्थेमुळे पडते असे आपण सहज म्हणतो. परंतु अवस्था विक्रेत्यास ठाऊक असते, ग्राहकास नसते. त्यामुळे बाजारात प्रत्यक्ष जो भाव फुटतो तो अवस्थेविषयी ग्राहकास जेवढे खात्रीने कळू शकते तेवढ्याचाच असतो. प्रस्तुत लेखात हा मुद्दा नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांतील कौटुंबिक वापराच्या गाडीसंबंधी, विशेषतः मागे डिकी असलेल्या चारदारी सेडान गाडीसंबंधी, मांडावयाचा आहे.

प्रश्न केवळ पांडित्याचा नाही. तीन लाख रुपयांची जुनी गाडी घेणे म्हणजे या भागात काय, हे सोयाबीनच्या मापाने मोजून पाहावे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरविला. या भावाने तीन लाख रुपये म्हणजे सुमारे ५६ क्विंटल. एकरी आठ क्विंटल उतारा धरला तर हे सात एकरांचे पीक झाले, आणि तेही बी, खत, फवारणी व काढणी यांचा खर्च वजा न करता. शिवाय आडतीवर हमीभाव मिळतोच असे नाही. ज्या कुटुंबाची ही आयुष्यातील पहिलीच मोटार असते, त्यास फसलेल्या सौद्याचा फटका पुढच्या हंगामापर्यंत जाणवत राहतो. नवी गाडी घेणाऱ्या सधन ग्राहकाच्या पाठीशी कारखान्याची हमी असते. जुनी घेणाऱ्या, म्हणजे तुलनेने कमी ऐपतीच्या ग्राहकास ती बहुधा नसते. जोखीम जेथे पेलवत नाही नेमकी तेथेच येऊन पडते.

आता भाव ठरविण्याची जी मापे कागदावर उपलब्ध आहेत ती पाहू. कारखान्याचा आजचा भाव ८ लाख रुपये असलेली एक गाडी कल्पनेने घ्यावी. तिला पाच वर्षे पूर्ण होत आली आहेत. विमा कंपन्या ज्या कोष्टकाने गाडीचे विमा-घोषित मूल्य काढीत आल्या, ते २००२ च्या भारतीय मोटार दरपत्रकातील कोष्टक सहा महिन्यांच्या आतील गाडीस ५ टक्के, वर्षाच्या आतील गाडीस १५ टक्के, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के घसारा धरते. पाच वर्षांपुढील मूल्य विमेदार व कंपनी यांनी आपसांत ठरवावे असे सांगून ते थांबते. या कोष्टकाने आपल्या गाडीचे मूल्य ४ लाख होते. प्राप्तिकराच्या नियमांनुसार व्यवसायातील मोटारीस दरसाल शिल्लक मूल्यावर १५ टक्के घसारा मिळतो. त्या हिशेबाने पाच वर्षांनंतर ३ लाख ५५ हजारांच्या आसपास उरतात. हीच गाडी भाड्याने चालविण्याच्या धंद्यात असती तर घसारा ३० टक्के, आणि उरते मूल्य सुमारे १ लाख ३४ हजार. तीन सरकारमान्य मापे, तीन उत्तरे! त्यांत विसंगती मुळीच नाही. प्रत्येक माप आपापल्या कामासाठी केलेले आहे. पण तिन्हींना एक गोष्ट समान आहे : आपल्या समोर उभी असलेली विशिष्ट गाडी त्यांतील एकानेही पाहिलेली नाही. तिसरे माप मात्र एक इशारा देऊन जाते. पिवळ्या पाटीची भाड्याची गाडी पुढे खासगी नोंदणीत बदलून पांढऱ्या पाटीने बाजारात येते, तेव्हा तिचे वय तेच असले तरी तिचे आयुष्य निराळे गेलेले असते. ग्राहकाने मूळ नोंदणी खासगी होती की परिवहनाची, हे पहिल्याच भेटीत विचारावे.

जुन्याचा भाव नव्याच्या भावाला दोरीने बांधलेला असतो, हे २०२५ साली प्रत्यक्ष पाहावयास मिळाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्के व त्यावरील १ टक्का उपकर यांऐवजी १८ टक्के झाला. करापूर्वी ५ लाख किंमत असलेली गाडी आदल्या दिवशी ६ लाख ४५ हजारांना होती, ती ५ लाख ९० हजारांवर आली. ५५ हजारांची ही उतरंड वर्षभरापूर्वी तीच गाडी विकत घेतलेल्या माणसाच्या खिशातूनही तितकीच गेली. त्याच्या गाडीत काहीही बिघडले नव्हते. कोणी विक्रेता ‘मी एवढ्याला घेतली होती’ असे सांगू लागला तर ते ऐकून घ्यावे, पण हिशेबात धरू नये. हिशेब आजच्या नव्या भावापासून खाली मोजावयाचा.

दोरी उलट दिशेनेही ताणली जाऊ शकते, याचा पुरावा आपल्याच इतिहासात आहे. अँबॅसिडर व फियाट यांच्या काळात नव्या मोटारीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. विक्रीवर व वाटपावर नियंत्रण ठेवणारा आदेश केंद्राने १९५९ मध्ये काढलेला होता. अशा टंचाईत ताबडतोब हाती येणाऱ्या वापरलेल्या गाडीस नव्या गाडीच्या नियंत्रित किमतीपेक्षाही अधिक दाम मिळे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि तेथून पुढे ही विपरीत स्थिती हळूहळू ओसरली. घसारा हा निसर्गनियम नसून पुरवठ्याच्या विशिष्ट परिस्थितीचे फळ आहे, हे विद्यार्थ्यांनी यावरून ध्यानात घेण्यासारखे आहे.

नव्याचा भाव ही वरची मर्यादा झाली. तिच्याखाली भाव किती घसरावा, याचे सर्वांत प्रसिद्ध विवेचन जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात आहे. दगा देणाऱ्या गाडीस अमेरिकेच्या बोलीत ‘लेमन’ म्हणतात. निबंधाच्या शीर्षकात तोच शब्द आहे. प्रसिद्धीपूर्वी तीन नियतकालिकांनी तो नाकारला होता आणि २००१ मध्ये त्याच कामाच्या आधारे लेखकास नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला, ही गोष्ट आपला पहिला लेख परत आलेल्या संशोधक विद्यार्थ्यांस थोडा धीर देईल. आपल्या दृष्टीने अधिक रंजक असे, की अ‍ॅकरलॉफ १९६७-६८ मध्ये दिल्लीत भारतीय सांख्यिकी संस्थेत होते आणि त्या निबंधात हिंदुस्थानातील बाजाराची उदाहरणे आली आहेत. तांदळात त्याच रंगारूपाचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात आणि गृहिणीस ते निवडीत बसावे लागते, हे त्यांतील एक.

त्यांचा युक्तिवाद आपल्या आकड्यांत बसवून पाहू. समजा, बाजारातील निम्म्या गाड्या चांगल्या, प्रत्येकी ३ लाख ६० हजारांच्या योग्यतेच्या आहेत; निम्म्या आतून खचलेल्या, २ लाख ४० हजारांच्या. ग्राहकास भेद कळत नसेल तर तो सरासरी म्हणजे ३ लाख देऊ करील. परंतु चांगल्या गाडीचा मालक आपली गाडी ओळखून असतो. ३ लाख ३० हजारांच्या खाली तो विकणार नाही. तो गाडी घरी नेतो, किंवा मेहुण्याला देतो. बाजारात उरतात त्या खचलेल्या गाड्या, आणि ग्राहकांना हे उमगले की भाव २ लाख ४० हजारांवर येतो. म्हणजे चांगली गाडी आहे, ती घेणारा आहे, दोघांचाही लाभ होणार आहे, तरीही सौदा होत नाही. ‘चांगली गाडी बाजारात येतच नाही, ती घरच्या घरी जाते’ असे आपल्याकडे म्हणतात, त्यात हाच निबंध सामावलेला आहे.

वस्तुतः मराठवाड्यास हा प्रश्न नवा नाही. देवणी आणि लाल कंधारी हे गोवंश ज्या मातीत निपजले तेथे पिढ्यान्‌पिढ्या याहून अवघड वस्तूची खरेदी होत आली आहे. लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा किंवा उदगीरकडील हाळी-हंडरगुळीचा जनावरांचा बाजार पाहिलेल्या माणसास हे सांगावयास नको. बैलाचे वय विक्रेत्याच्या तोंडून कोणी विचारीत नाही. बैलाच्याच तोंडात पाहतात. दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि मग जुळलेला, या पायऱ्या कोणाच्या शब्दावर अवलंबून नाहीत. मग त्यास चालवून पाहतात, औताला जुंपून पाहतात, खांद्याची गादी चाचपतात. भाव रुमालाखाली बोटे दाबून ठरतो, म्हणजे तिसऱ्यास कळत नाही; पण गुणदोष उघड्यावर तपासले जातात. जुन्या मोटारीच्या बाजारात याच्या उलट होते : भाव मोठ्याने सांगितला जातो आणि गुणदोष झाकलेले राहतात. विशेष म्हणजे जो शेतकरी बैलाचे दात मोजल्याशिवाय इसार देत नाही, तोच मोटारीच्या काट्यावरील किलोमीटरचा आकडा प्रमाण मानतो. तो आकडा विक्रेत्याच्या शब्दाइतकाच विश्वसनीय असतो. अंकीय मीटरसुद्धा मागे फिरविता येतो.

मग मोटारीचे दात कोठे पाहावयाचे? जेथे विक्रेत्याचा हात सहसा पोचत नाही तेथे. टायरच्या कडेवर चार आकड्यांचा शिक्का असतो. पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. २०२१ च्या गाडीस मीटरवर पंचवीस हजार किलोमीटर आहेत आणि चारही टायर २०२४ चे आहेत, तर प्रश्न विचारण्यास जागा आहे. पंचवीस हजारांत टायर सहसा झिजत नाहीत. प्रत्येक काचेवर निर्मात्याची खूण व सालाचा संकेत असतो; एकच काच वेगळ्या सालाची असेल तर ती का बदलली हे विचारावे. बॉनेट व दरवाजे यांच्या बोल्टांवरील रंग पान्याने उकललेला आहे काय, दोन पत्र्यांमधील फट दोन्ही अंगांस सारखी आहे काय, हे दिवसाच्या उजेडात पाहावे. ब्रेकच्या पायपट्टीचे रबर आणि सुकाणूचक्राची झळाळी यांना खोटे बोलता येत नाही. इंजिन रात्रभर बंद असलेले, थंड, आपल्यासमोर सुरू करावयास लावावे. आपण पोचण्यापूर्वीच ते गरम करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा जावे. अधिकृत दुरुस्तीकेंद्रात गाडी गेली असेल तर प्रत्येक खेपेचे किलोमीटर तेथे नोंदलेले असतात. ती नोंदवही हा या क्षेत्रातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित दस्तऐवज होय.

या सर्वसामान्य तपासणीस स्थळकाळाची जोड द्यावी लागते. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मराठवाड्यावर अतिवृष्टी झाली, नांदेड-लातूरकडे गावेच्या गावे पाण्याखाली गेली. अशा वर्षानंतर पाण्यात उभी राहिलेली गाडी धुऊन पुसून बाजारात येणार हे गृहीत धरावे. तिची परीक्षा सोपी आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावा. मुळाशी गाळाची रेघ सापडते. गालिच्याखाली हात घालावा, डिकीतील जादा चाकाच्या खळग्यात पाहावे. मुंबई किंवा कोकणातून आलेल्या गाडीस खाऱ्या हवेने तळाशी गंज धरलेला असतो. आपल्या कोरड्या हवेतील गाडीस तो त्रास कमी. तिचे दुखणे म्हणजे धूळ, आणि चाकांच्या कमानीत वाळून बसलेली काळी माती, जी ओल धरून ठेवते. ‘एमएच २६’ किंवा ‘एमएच २४’ पासिंगच्या गाडीस येथे जो थोडा अधिक मान मिळतो तो केवळ भावनेचा नाही. तिचा पहिला मालक, तिचा गॅरेजवाला, क्वचित तिचा अपघातसुद्धा कोणाच्या तरी ओळखीचा असतो.

क्लिफर्ड गीर्ट्झ या मानववंशशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये मोरोक्कोतील सेफ्रू येथील बाजारावर लिहिताना हीच गोष्ट वेगळ्या रीतीने मांडली. शोध दोन प्रकारचा : अनेकांकडे भाव विचारीत फिरणे हा रुंद शोध, आणि एकाच सौद्यात खोल उतरत जाणे हा दुसरा. सारख्या वस्तूंच्या बाजारात पहिला पुरतो. नवी मोटार घेणाऱ्याने चार दुकाने फिरावीत. प्रत्येक नग निराळा असतो तेथे दुसराच कामाचा. आपल्याकडील ग्राहक मात्र जुन्या गाडीसाठी दहा गाड्या पाहतो आणि दहाही उथळ पाहतो. वरील आकड्यांवरच सांगावयाचे तर, मागणी ३ लाख ३० हजारांची आहे आणि गाडी चांगली की खचलेली याची शक्यता निम्मी-निम्मी आहे. न तपासता घेणे तोट्याचे. तपासणी अचूक असेल तर निम्म्या वेळा गाडी चांगली ठरेल व ३० हजारांचा लाभ होईल, निम्म्या वेळा आपण परत फिरू. म्हणजे तपासणीचे सरासरी मोल १५ हजार रुपये झाले. विक्रेत्याशी संबंध नसलेल्या जाणत्या मिस्त्रीला दोन हजार रुपये देऊन त्याचा अर्धा दिवस विकत घेण्यास जो कुरकुरतो, त्याने हा हिशेब एकदा कागदावर मांडावा.

येथवर गाडीच्या देहाचा विचार झाला. कागदांचा विचार याहून महत्त्वाचा आहे, आणि या बाबतीत आमच्या मते दोन्ही जिल्ह्यांतील व्यवहार चिंताजनक आहे. जमीन घेणारा माणूस फेरफार होऊन सातबाऱ्यावर नाव लागल्याशिवाय झोपत नाही. मोटार मात्र नोटरीसमोरच्या करारावर आणि विक्रेत्याने सह्या करून दिलेल्या कोऱ्या २९ व ३० क्रमांकाच्या नमुन्यांवर वर्षानुवर्षे चालते, एका हातातून दुसऱ्या हातात जाते, आणि नोंदणीपुस्तकात पहिल्याच मालकाचे नाव राहते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विक्रेत्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावयाचे असते. न कळविल्यास काय होते? ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढलेल्या एका प्रकरणात मूळ मालकाने २००७ मध्ये गाडी विकली होती. त्यानंतर ती आणखी काही हातांतून गेली. मे २००९ मध्ये अपघात होऊन एका मुलाचा मृत्यू झाला. नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावे होती. भरपाईची जबाबदारी त्याचीच, असे न्यायालयाने ठरविले. अपघातग्रस्ताने मालकांची साखळी शोधीत हिंडावे अशी कायद्याची अपेक्षा नाही, हे त्यामागील तत्त्व. गाडी विकून रिक्त झालो असे मानणाऱ्या निवृत्त शिक्षकावर दोन वर्षांनी लाखोंची भरपाई येऊ शकते, ती या मार्गाने.

घेणाराही सुरक्षित नसतो. विम्यातील त्रयस्थाच्या भरपाईचा भाग कलम १५७ नुसार गाडीबरोबर नव्या मालकाकडे गेला असे मानले जाते. परंतु गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग विमापत्र आपल्या नावे करून घेतल्याशिवाय येत नाही. दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट तर मालकाची असते, गाडीची नव्हे. जुन्या मालकाची ५० टक्के सूट पाहून विम्याचा खर्च कमी धरणे ही चूक होय. कर्जाचा बोजा नोंदणीत असेल तर बँकेचे ना-देय पत्र आणि ३५ क्रमांकाचा नमुना हाती आल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये. बोजा, विम्याची मुदत, नोंदणीची तारीख या गोष्टी परिवहन खात्याच्या ‘वाहन’ प्रणालीत गाडीचा क्रमांक टाकून पाहता येतात. थकलेले दंड वाहतूक पोलिसांच्या नोंदीत दिसतात.

सीमेलगतच्या तालुक्यांत एक निराळा मोह असतो. देगलूर-बिलोली-धर्माबादच्या माणसाला तेलंगणातील गाडी, उदगीर-निलंग्याच्या माणसाला बिदरची ‘केए ३८’ गाडी चाळीस-पन्नास हजारांनी स्वस्त दिसते. पण बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या गाडीस कलम ४७ नुसार तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, आणि महाराष्ट्राचा एकरकमी कर, जो गाडीचे वय पाहून आकारला जातो. मूळ राज्यात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण त्या खेपा कोण घालणार? स्वस्ताईचा बहुतेक भाग या करातच जिरतो. २०१५ च्या हरित न्यायाधिकरणाच्या आदेशानंतर दिल्लीतून बाहेर पडलेल्या दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांच्या बाबतीतही असाच हिशेब लागू होता.

दुकानदाराकडून घ्यावी की थेट मालकाकडून, याचे एकच एक उत्तर नाही. नोंदणीकृत व्यापाऱ्यास आपल्या नफ्याच्या फरकावर १८ टक्के कर भरावा लागतो. २ लाख ८० हजारांस घेऊन ३ लाख १० हजारांस विकलेल्या गाडीवर हा कर ५,४०० रुपये होतो. खासगी माणसाने खासगी माणसास विकली तर तो नाही. उलट, १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या केंद्रीय नियमांनुसार प्राधिकारपत्र घेतलेल्या व्यापाऱ्याने गाडी ताब्यात घेतल्याची सूचना नोंदणी अधिकाऱ्यास दिली की पुढील जबाबदारीसाठी तोच मालक समजला जातो. विक्रेत्याच्या दृष्टीने हे संरक्षण पाच हजारांहून पुष्कळ अधिक मोलाचे आहे, आणि आपल्या भागातील दलालांपैकी कोणाकडे असे प्राधिकारपत्र आहे हे विचारण्याची पद्धत पडली पाहिजे.

थेट मालकाशी सौदा करावयाचा झाल्यास बैलबाजारातील इसाराचीच रीत थोडी पुढे न्यावी. इसार पावतीवर गाडीचा चॅसिस व इंजिन क्रमांक, त्या दिवसाचा मीटरचा आकडा, आणि ताबा दिल्याची तारीख व वेळ लिहावी. वेळसुद्धा, कारण त्याच संध्याकाळी अपघात झाला तर प्रश्न तासांचा असतो. उरलेल्या रकमेपैकी वीस-पंचवीस हजार रुपये नोंदणीपुस्तकात नाव लागेपर्यंत राखून ठेवावेत, आणि हे सौद्याच्या बोलीतच ठरवून घ्यावे. विक्रेता त्यास तयार झाला तर भावात पाच हजार वाढवून देण्यास हरकत नाही.